बिब्ब्याची खूण

गोधडी उलगडली तेव्हा खोलीतले सगळे खूश होते. आजोबांच्या वर्षश्राद्धाला नातवाने ती करवून आणली होती. ट्रंकेतली धोतरं, दोन बंड्या आणि एक उपरणं शहरातल्या एका शिवणाऱ्याकडे देऊन, बरेच पैसे मोजून. मशीनची टीप ओळंब्यात धरल्यासारखी सरळ होती, कडेला तपकिरी गोट होता, कुठे एक चुणी नव्हती. थोरल्या आत्याने ती मांडीवर घेतली आणि हात फिरवायला सुरुवात केली. आधी एक कड, मग दुसरी. चारही कोपरे चाचपून झाले, गोधडी उलटी करून झाली, चष्मा लावून झाला. मग तिने विचारलं, "अरे, अण्णांच्या धोतराला परटाची खूण होती, ती कुठाय?" नातवाला प्रश्नच कळला नाही. फोन झाला. पलीकडून उत्तर आलं की कोपऱ्यांना काळे डाग होते, काही केल्या जात नव्हते, म्हणून तेवढी पट्टी कापून टाकली. आत्या काही बोलली नाही. तिने गोधडीची घडी घातली, घडीवर एकदा थोपटलं आणि ती नातवाच्या हातात दिली.

ते थोपटणं मनातून जात नाही.

परटाची खूण बघितलेली माणसं आता कमी होत चालली आहेत. पूर्वी परीट कपडे न्यायला यायचा तेव्हा दहा घरांची पांढरी धोतरं एकाच गाठोड्यात जायची आणि भट्टीतून सगळी सारखीच होऊन बाहेर पडायची. म्हणून प्रत्येक घराची एक खूण ठरलेली असे. बिब्बा टोचून त्याचा चीक सुईने किंवा काडीच्या टोकाने कापडाच्या कोपऱ्यावर लावायचा, वर जरासा चुना. चुन्याने तो रंग पक्का काळा होतो आणि सुती कापडावरून पुन्हा निघत नाही, ना साबणाने, ना भट्टीने. ओला चीक कातडीला लागला तर फोड येतात, त्यामुळे हे काम सरावलेल्या हाताचंच. खूण अंगठ्याच्या नखाएवढी. कुणाची फुली, कुणाचे तीन ठिपके, कुणाचा त्रिकोण. या घराची होती दोन उभ्या रेघा आणि उजवीकडे एक ठिपका. घरात आलेल्या प्रत्येक नव्या धोतराला ती पहिल्या धुण्याला लागायची, आणि धोतर विरून चिंधी होईपर्यंत सोबत राहायची. आडनाव मतदारयादीत चुकीचं छापून यायचं, पण ही खूण कधी चुकली नसेल.

आजोबांच्या कपड्यांतून काही करायचं ठरवलं की पहिला प्रश्न येतो तो धुण्याचा, आणि खरा अवघड प्रश्न तोच असतो. ट्रंक उघडल्यावर जो वास येतो, त्यात डांबरगोळ्या असतात, तंबाखू असते, उगाळलेलं चंदन असतं, आणि या सगळ्यांच्या खाली त्या माणसाचा म्हणून एक वास असतो. कपडे धुतले की तो जाणार. न धुता शिवले तर काय होतं तेही सांगायला हवं. जुन्या धोतरात कांजीची खळ असते आणि खळीला कसर लागते. घामाचे थर कापड आतून कुजवतात. सहा-आठ थरांच्या आत एकदा कसर शिरली की दोन पावसाळ्यांत गोधडीची चाळण होते. म्हणून मी धुवाच म्हणते. आधी दोन-तीन दिवस सावलीत वाळवणाच्या दोरीवर नुसतं टांगायचं, म्हणजे डांबरगोळ्यांचा उग्रपणा उतरतो. त्या दोन-तीन दिवसांत घरातल्या ज्याला ज्याला त्या दोरीजवळ जाऊन उभं राहायचं असेल, त्याला राहू द्यावं. मग रात्रभर साध्या गार पाण्यात भिजत घालायचं, पाणी दोनदा बदलायचं. खळ आणि निळीचे डाग तिथेच सुटतात. सकाळी रिठ्याच्या पाण्यात किंवा सौम्य साबणात हलक्या हाताने चुबकायचं. आपटायचं नाही, पिळायचं नाही. ब्लीच तर मुळीच नको, त्याने कापड पांढरं दिसतं पण धागा मरतो आणि शिवताना सुई लागेल तिथे फाटत जातं.

डागांचं मात्र तारतम्य हवं. पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलेल्या कपड्यांवर गंजाचे नारिंगी ठिपके पडतात. ते दिसायला साधे, पण गंज कापड खातो आणि आज ठिपका आहे तिथे चार वर्षांनी भोक असतं. तिथे लिंबू आणि मीठ लावून उन्हात ठेवायचं, लगेच भरपूर पाण्याने धुवायचं, आणि तरी कापड कमजोर लागलं तर वरून ठिगळ द्यायचं. टोपीच्या आतल्या पट्टीवर तेलाचा आणि घामाचा तपकिरी पट्टा असतो, तो अर्धाच निघतो. हळदीचा, बिब्ब्याचा डाग कापडाला काही करत नाही. शिवणाऱ्याला हा फरक माहीत नसेल असं नाही. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच. गाठोडं देताना त्यातल्या कुठल्या गोष्टीला हात लावायचा नाही हे कागदावर लिहून, त्या जागी लाल दोऱ्याचा एक टाका घालून द्यायला हवं होतं. डाग म्हणजे घाण हे त्याचं शिक्षण, आणि त्याच्या धंद्यात ते बरोबरच आहे.

धुतलेलं धोतर वाळलं की उजेडासमोर धरायचं. माणूस कसा बसायचा, कसा चालायचा ते त्यात दिसतं. बसायच्या जागी कापड विरून जाळीदार झालेलं असतं. कासोट्याचं टोक खोचून खोचून दोऱ्या सुटलेलं. जमिनीला लागणारी कड कातरल्यासारखी. मात्र पुढच्या निऱ्यांचा भाग जवळजवळ नव्यासारखा, कारण तिथे घडीवर घडी असते. दोन्ही अंगठ्यांत चार बोटं कापड धरून हलकेच ताणायचं. नुसतं सैल झालं तर चालेल, टर्रकन आवाज आला तर तो भाग वरच्या थराला नको. पण तो कापून फेकायचाही नाही. दोन धडक्या थरांच्या मध्ये तो बिनदिक्कत जातो, टाक्यांनी धरून ठेवतो, आणि गोधडीला जो मऊपणा येतो तो या विरलेल्या कापडामुळेच. नव्या कापडाच्या गोधड्या दुकानात मिळतात. त्या अंगावर उभ्या राहतात, अंगाला येत नाहीत.

एखाद्या ट्रंकेत न नेसलेलं कोरं धोतरही निघतं, कडेला गिरणीचा शिक्का आणि मापाचे आकडे असलेलं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यानंतर कितीतरी गिरण्यांचे शिक्के पुन्हा कापडावर उमटले नाहीत. आजोबा गिरणगावातले असतील तर हा शिक्का म्हणजे त्यांच्या हजेरीचाच पुरावा. तो पाण्यात उतरतो. म्हणून तेवढा तुकडा धुण्याआधी कापून कोरडाच वेगळा ठेवावा आणि चौकटीत लावावा. बाकीचं कोरं कापड दोनदा गरम पाण्यातून काढल्याशिवाय वापरू नये. ते पहिल्या धुण्याला आटतं आणि शेजारचं जुनं कापड आटत नाही. मग गोधडी एका बाजूला ओढली जाते आणि कितीही झटकली तरी सपाट पडत नाही.

आता मापं. धोतराचं एक पान साधारण साडेचार मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद असतं. मधोमध दुमडलं की सव्वादोन मीटर बाय सव्वा मीटरचे दोन थर मिळतात, न कापता, न जोडता. तीन धोतरांचे सहा थर झाले. वर आणि खाली आजीचं नऊवारी लुगडं. लुगड्याचे चार भाग केले की एकेक भाग दोन मीटरचा येतो, म्हणून गोधडी साडेसहा फूट लांब आणि जेमतेम चार फूट रुंद धरायची. धोतराची जादा वीतभर लांबी आत दुमडून पायाकडे घ्यायची. पायाकडची बाजू आधी झिजते, तिथे जाडी असलेली बरी. बंडीचा मांजरपाट उसवून तोही तिकडेच घालायचा. लुगड्याचे दोन भाग उरतात, ते नीट घडी करून ठेवून द्यायचे. त्यांचं काम पुढे आहे.

पायाकडचा भाग सोडला तर आठ थरांच्या वर जाऊ नये. हौसेने सगळेच कपडे एका गोधडीत घालावेसे वाटतात आणि मग सुई खालच्या थरापर्यंत पोचत नाही. वरून ओळी सुरेख दिसतात, खाली मात्र टाके सुटलेले असतात आणि पहिल्या धुण्याला आतली धोतरं गोळा होऊन एका कोपऱ्यात जातात. आजोबांचे टेरीकॉटचे शर्ट असतील तर तेही यात नकोत. टेरीकॉट घसरतो, पाणी धरत नाही, आणि त्याचा चिवट धागा शेजारच्या म्हाताऱ्या सुती कापडाला घासून घासून कापतो. लोकरीचा कोट, घोंगडं, रेशमी मुकटा यांचं धुणंच वेगळं. लाल पटका असेल तर आधी ओलं पांढरं फडकं त्यावर ठेवून गरम इस्त्री दाबून बघावी. फडक्यावर गुलाबी उमटलं तर मिठाच्या पाण्याच्या भरवशावर राहू नये, पटका वेगळाच जपावा.

शिवण सुरू होते ती जमिनीवर. फरशी पुसून खालचं लुगडं उलटं अंथरायचं, चार कोपऱ्यांवर चार वजनं. वरवंटा, खलबत्ता, काहीही जड. एकेक थर टाकताना मधून कडेकडे तळहाताने सारत न्यायचं. यात अर्धा दिवस गेला तरी जाऊ द्यावा. सगळे थर बसले की वीतभर अंतराने मोठे कच्चे टाके उभे-आडवे घालायचे. हा कंटाळवाणा भाग जो टाळतो त्याला शेवटी फुगा भेटतो. आपल्याकडे बहुतेक गोधड्या कडेकडून आत गोल फिरत शिवल्या जातात. एकेक फेरी आत सरकते तसं सैल कापडही मध्याकडे ढकललं जातं, आणि शेवटच्या चौकोनात ते उशीसारखं उभं राहतं. मग उसवण्यावाचून उपाय नाही. गोव्याला लागून असलेल्या उत्तर कन्नडमध्ये, हल्याळ-यल्लापूरच्या बाजूला, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडीही, अशीच कडेने फिरत आत जाते. कोपऱ्यांवर त्या घडी घातलेल्या कापडाची तिकोनी फुलं बसवतात आणि त्याशिवाय कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. कोपऱ्याचं महत्त्व त्यांना ठाऊक आहे.

दोरा सुतीच हवा, जाड, आणि दुहेरी घ्यायचा. पॉलिस्टरचा दोरा मजबूत असतो हीच त्याची खोड. ताण पडला की दोरा टिकतो आणि कापड चिरतं. तुटायचं तर दोऱ्याने तुटावं, तो पुन्हा भरता येतो. दोऱ्याची लांबी हातभर, फार तर दीड हात. जास्त घेतला तर गुंता होतो आणि कापडातून इतक्या वेळा ओढला जातो की शेवटी पिंजतो. मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढून घेतला तर बरं. गाठ थरांच्या आत लपवायची. दोन ओळींत दोन सेंटिमीटर म्हणजे बोटभर अंतर धरून सरळ उभ्या ओळी घातल्या तर साठेक ओळी होतात, एकेक दोन मीटरची. दुहेरी दोऱ्याचे अडीचशे मीटर नुसते सरळ धरले, टाक्यात मुरणारा आणि टोकाला वाया जाणारा धरून तीनशेची रिळं आणावीत. टाका तांदळाच्या दाण्याएवढा. आठ थरांतून एका वेळी सुईवर दोन-तीनच टाके येतात, चार घेतले की तिरपे पडतात. मधल्या बोटाला अंगुस्तान हवंच. दर तीन ओळींनी गोधडी उलटून खालचे टाके बघायचे. दोरा ओढताना कापड जरासं आकसतं, त्या बारीक लाटा राहू द्यायच्या. सराव असलेल्या हाताला एका ओळीला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, तेव्हा रोज एक तास बसलं तर महिन्याभराचं काम. मशीन हे एका दिवसात करतं. पण महिनाभर रोज तासभर आजोबांचं धोतर मांडीवर असतं, तेव्हा घरात ज्या गोष्टी निघतात त्या एका दिवसात निघत नाहीत. धाकटी सून दोरा ओवून देता देता विचारते, ते रागीट होते का हो? आणि मग कुणीतरी खरं उत्तर देतं.

कडेसाठी बाजारचा गोट घेण्यापेक्षा टोप्या उसवाव्यात. पांढऱ्या टोपीची शिवण उसवली की बावीसेक इंचांची दुहेरी पट्टी निघते. एवढ्या गोधडीचा घेर एकवीस फूट, म्हणजे बारा टोप्या लागतात, आणि आयुष्यभर टोपी घालणाऱ्याच्या घरात तेवढ्या सापडतात. तेलाचा तपकिरी पट्टा बाहेरच्या बाजूला येऊ द्यावा. सदऱ्याचा खिसा अखंड काढून उशाकडे लावला तर लहान मुलं त्यात हात घालतात. बटणं मात्र काढावीत, झोपेत टोचतात. काही घरांत आजोबांची जुनी मोडी सही एखाद्या वहीत असते. ती कार्बनने कापडावर उतरवून साखळी टाक्याने भरावी, कारण मोडीच्या वळणाबरोबर साखळी सहज वळते, उलटी टीप कोपरे पाडते. मोडी लिहिणारा आधी आख्खी शिरोरेघ ओढायचा आणि मग तिला अक्षरं लटकवायचा. भरतानाही तसंच करावं. आधी रेघ पुरी करावी. अक्षरं आपोआप ओळीत बसतात.

भिंतीवर टांगायची की अंगावर घ्यायची, यावर घराघरांत वाद होतात. टांगायचीच असेल तर मागे वरच्या कडेला पूर्ण रुंदीचा कापडी नेफा शिवून त्यात काठी घालावी. खिळ्यांवर टांगलेली गोधडी आपल्याच वजनाने दोन वर्षांत फाटते. आणि उन्हाची तिरीप येईल ती भिंत नको. माझं मत अंगावर घेण्याचं. आपल्याकडे गोधडी हे कधी शोभेचं कापड नव्हतंच. चिंध्यांची गोधडी पांघरून गावोगाव झाडू मारत फिरणाऱ्या गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा म्हणत. झिजणं हा तिचा स्वभाव आहे, आणि त्यावरचा इलाजही परंपरेतच आहे. वरचं लुगडं विरलं की जुनी गोधडी न उसवता तिच्यावरच नवं पांघरूण चढवून पुन्हा टाके घालतात. ठेवून दिलेले दोन भाग त्यासाठीच. एखादी जुनी वाकळ उसवली तर आत दुसरी वाकळ निघते, तिच्या आत तिसरी, आणि सगळ्यात आतल्या लुगड्याचा रंग घरातल्या कुणालाच ओळखता येत नाही.

सगळी धोतरं गोधडीतच जायला हवीत असंही नाही. मऊ झालेल्या धोतराचं पहिलं मानाचं काम तान्ह्या बाळाचं. लंगोट, टोपडं, तीन फुटी दुपटं. दुपट्याला तीनच थर, बारीक दोरा, आणि गाठ एकही वर नको, बाळाच्या कातडीला ती लागते. मग राहिलेलं दिव्याच्या काकड्याला, पोट शेकायला, आणि स्वयंपाकघरात. पुरणाला, पन्ह्याला, आणि पाडव्याच्या श्रीखंडाचा चक्का बांधायला धोतराच्या फडक्यासारखं दुसरं काही नाही. विणीतून पाणी निथळतं, दही जागचं हलत नाही.

आत्याने दोन दिवसांनी मला फोन केला तो अशाच एका फडक्यासाठी. तिच्या लग्नानंतर कधीतरी अण्णांनी एक जुनं धोतर फाडून चार फडकी तिला दिली होती. तीन केव्हाच संपली. चौथं तिच्या फळीवर, साणशीशेजारी, अजून वापरात होतं. आणि ते कोपऱ्याचं फडकं होतं. दोन उभ्या रेघा, उजवीकडे ठिपका. "दर पाडव्याला हातात घेते गं," ती म्हणाली, "आणि बघितलंच नव्हतं कधी."

फडक्यातून आंबूस वास जायला तीन धुणी लागली, शेवटचं सोड्याच्या कोमट पाण्यात. खुणेभोवती चार बोटं जागा ठेवून चौकोन कापला, कापड फार विरलेलं म्हणून मागून मांजरपाटाचा तुकडा दिला, कडा अर्धं बोट आत दुमडल्या. नातू स्वतः शिवायला बसला होता. त्याला हातशिलाई येत नव्हती, त्यामुळे पहिली बाजू दोनदा उसवावी लागली. आत्या सुई ओवून देत होती. गोधडीच्या पायाकडच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे परीट लावायचा तिथेच, तो चौकोन बसला. रेघा सरळ नाहीत. इतकी वर्षं चक्क्याचं वजन घेऊन खुंटीला टांगून टांगून कापड तिरकं ताणलं गेलंय, आणि त्याबरोबर त्या दोन्ही रेघा उजवीकडे, ठिपक्याकडे कलल्या आहेत.